नमुना क्रमांक सतरा

"महानंदा, अवंदा येळवसला किती मानसाचं करावं?"

अप्पाचा हा फोन दरवर्षी मार्गशीर्षात येतो. अप्पा माझा थोरला भाऊ. तेरणेकाठची आमची साडेसहा एकर जमीन तो आणि वहिनी कसतात. खरं तर माझं उत्तर त्याला कधीच नको असतं. मी साठ म्हटलं तरी तो शंभराचं रांधतो, आणि शंभर माणसं जेवून जातात.

गेल्या वर्षी मात्र त्याला खरोखर उत्तर हवं होतं. त्याच्या बांधावर लाल पाटी लागली होती. ‘अतिजोखमीचे क्षेत्र. प्रवेश करू नये. माती बाहेर नेऊ नये.’ पाटी सरकारने लावली होती, पण तिच्यामागचं डोकं माझं होतं.

"बघू," मी म्हणाले. "आठ दिवसांत मी काहीतरी करते."

"तू करतीस म्हनूनच भ्या वाटतंय," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला ती समजावून सांगणं अवघडच. त्या दिवशी बाजार बंद, गावं ओस आणि झाडून सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पिकात आंबील शिंपडत फेरी घालायची आणि मग जेवायला बसायचं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे, खीर आणि मडक्यातली गार आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. ओळख असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. एका रानात जेवलेला माणूस दुसऱ्या रानात आंबील प्यायला जातो, तिथून तिसऱ्या. आमच्या शेतात मोठी चिंच आहे, विहीर आहे आणि शेत वाटेवर आहे, त्यामुळे सगळं गाव फिरत फिरत शेवटी आमच्याकडे टेकायचं. ज्या रानात येळवसला पंगत बसत नाही ते रान मुकं, असं आमची आई म्हणायची.

मी झाडांच्या रोगांची डॉक्टर. एका कडधान्य संशोधन केंद्रात माझी नोकरी, आणि हरभऱ्याच्या मर रोगात माझी बावीस वर्षं गेली. हा रोग एका बुरशीमुळे होतो. ती मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. खाली ओल असूनही झाड तहानेने मरतं. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ दिसते. हरभरा पेरलाच नाही तरी ही बया पाच-सहा वर्षं मातीत दबा धरून बसते.

शिवाय ती एक नाही. दिसायला सारखी पण आतून निराळी अशी तिची पुष्कळ कुळं आहेत. एखादं कूळ एका वाणाला मारतं आणि दुसऱ्याला शिवत नाही. काही कुळं कुणालाच मारत नाहीत, मुळांवर नुसती राहतात. आणि या बुरशीला एक खोड आहे. दोन कुळं शेजारी शेजारी वाढली तर एकातलं अख्खं गुणसूत्र उचलून दुसऱ्यात जाऊ शकतं. झाड मारण्याची विद्या ज्यावर असते, नेमकं तेच गुणसूत्र.

पूर्वी एका शेतातली कुळं ओळखायला आम्हाला दोन महिने लागत. मग सळई आली. हातभर लांबीचं यंत्र, मातीत खुपसायचं. ते चिमूटभर माती आत ओढतं, तिच्यातला डीएनए वाचतं आणि अकरा मिनिटांत सांगतं की इथे कोणती कुळं आहेत आणि शेकडा किती. सळई बनवणाऱ्यांत मी होते. पहिल्याच वर्षी दोनशे शेतांत ती फिरवून मी शोधनिबंध लिहिला. जिथे कुळं जास्त तिथे गुणसूत्रांची देवघेव जास्त, म्हणून नवं मारकं कूळ जन्मण्याचा धोका जास्त, असा त्याचा निष्कर्ष. शेतातल्या कुळांची संख्या हाच धोक्याचा अंक. वर एक वाक्य मी मोठ्या हौसेने घातलं होतं: ‘वेळा अमावस्येला शेताशेतांतून फिरणाऱ्या पायांबरोबर ही कुळे पसरतात.’ त्या वाक्याचं परदेशात फार कौतुक झालं.

सगळ्यांत मोठा अंक नमुना क्रमांक सतराचा होता. अकरा कुळं. निबंधात मालकाचं नाव नव्हतं, पण ती माती मी दिवाळीला माहेरी गेले असताना अप्पाच्या चिंचेजवळ घेतली होती. घरचं शेत, परवानगीची कटकट नाही, एवढाच विचार केला होता.

दोन हजार अडतीस साली अंकाचा नियम झाला. तीनपर्यंत हिरवी पाटी, आठच्या वर लाल; आमच्या गावापर्यंत पाट्या गेल्या वर्षी पोचल्या. पाटीवरून बियाणं मिळू लागलं, पाटीवरून माल उचलला जाऊ लागला. आणि गावागावांत कोण कुणाच्या बांधावर पाय ठेवणार, हेही पाटी ठरवू लागली. एकेकाळी माणसांची शिवाशिव पाळणाऱ्या गावांना मी मातीची शिवाशिव शिकवली. हे मला फार उशिरा कळलं.

त्याहून उशिरा कळलं ते हे की अंकच चुकला होता.

एका पावसाळ्यात निवांत बसून मी तीन हंगामांची मोजणी समोर घेतली. कोणत्या शेतात किती झाडं मेली, हे आकाशातून टिपलेलं सगळं उपलब्ध होतं. लाल शेतांत मर जास्त दिसायला हवा होता. तो कमी होता. अप्पाच्या रानात तर शंभरात एक झाडही मेलेलं नव्हतं. त्याच्या अकरा कुळांपैकी नऊ निरुपद्रवी होती. त्यांनी मुळांवरची जागा अडवली होती, खाणं वाटून घेतलं होतं आणि झाडालाही सावध करून ठेवलं होतं. मारकी दोन होती, पण त्यांना पाय पसरायला जागाच नव्हती. मी घरातले पाहुणे मोजले होते. त्यांत चोर किती, हे विचारलंच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

हे सगळं घेऊन मी आमच्या संचालकांकडे गेले. डॉ. वझलवार माणूस म्हणून वाईट नाहीत. चहा पाजतात, सगळं ऐकून घेतात आणि काहीही करत नाहीत.

"मॅडम, अंक तुमचा होता. आता नियम खात्याचा आहे," ते म्हणाले. "पुनर्विलोकन समिती जूनमध्ये बसते."

"हरभरा ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारीत काढतात. जूनमध्ये समिती शेतात काय बघणार? ढेकळं?"

"समिती कागद बघते."

"मग निदान येळवसच्या दिवशी पाट्या झाकू द्या."

त्यांनी थोडा विचार केला. "पाट्या लावण्याचे अधिकार कुणाकडे आहेत ते मला माहीत आहे. झाकण्याचे कुणाकडे आहेत, हे विचारावं लागेल."

मी चार पत्रं लिहिली. तिघांनी ती एकमेकांकडे पाठवली, आणि चौथं फिरून माझ्याच टेबलावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ म्हणून आलं. ते वाचून मी दाराला लाथ मारली. दार केंद्राचं होतं, अंगठा माझा सुजला.

येळवसच्या आदल्या दिवशी गावी गेले. आमच्या बांधाला लागून विश्वंभरदादाचं बारा एकर आहे. तो आणि अप्पा एका ताटात जेवत वाढले. दादाच्या शेताला हिरवी पाटी होती, अंक एक. त्याने माती दोनदा औषधाने धुऊन काढली होती आणि बाहेरच्या राज्यातलं एकच वाण बांधापासून बांधापर्यंत पेरलं होतं. फाटकात औषधाच्या पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवूनच आत जायचं.

"दादा, उद्या येणार ना जेवायला?" मी फाटकाबाहेरूनच विचारलं.

तो खाली बघत राहिला. "कसं यावं, महानंदा? तितून इकडं पाय आनला की माजा अंक वाढतोय."

"तो अंक चुकीचा आहे. मी सांगते ना!"

"तूच लिवलंस की. पायानं रोग पसरतोय म्हनून. ग्रामसभेत वाचून दाकिवलं आमाला."

"तेव्हा मी चुकले."

"मंग आता बरोबर हायीस हे कशावरून?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, आलेखांसकट होतं. पण फाटकात उभ्या माणसाला आलेख दाखवता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न रास्त होता, म्हणूनच तो इतका झोंबला.

दुसऱ्या दिवशी अप्पाने शंभराचंच केलं. पहाटेपासून वहिनी चुलीशी होती. कोप उभी राहिली, पांडवांना चुना लागला, अप्पाने आंबील शिंपडत पिकाला फेरी घातली. हरभरा गुडघ्याएवढा, हिरवागार, फुलावर आलेला. चिंचेखाली चटया पसरल्या आणि आम्ही तिघं वाट बघत बसलो.

बारा वाजले, एक वाजला. वाटेवरून माणसं जात होती. पाटीशी आली की पावलं मंदावायची. कुणी हात जोडायचं, कुणी "बरं हाय का, अप्पा?" म्हणायचं आणि पुढे जायचं. अप्पा प्रत्येकाला हाक मारत होता. शेवटी त्याने पातेलं उचललं आणि बांधावर जाऊन उभा राहिला, की आत येऊ नका पण वाटेवर तरी जेवा. एका म्हाताऱ्याने हात पुढे केला, तर त्याच्या सुनेने तो मागे ओढला. मी धावत गेले आणि वाटेवर उभी राहून सगळ्यांना ओरडून सांगू लागले की हे रान चांगलं आहे, ही कुळं झाडाला जपतात, मोजणी चुकली. लोकांनी शांतपणे ऐकलं.

"मंग पाटी काडा की," सून म्हणाली.

तीन वाजता वहिनीने झाकणं घातली. दिवसभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"बाई, तुमी इतकं शिकलाव," ती म्हणाली. "आमचंच रान गावलं का हो तुमाला?"

मी रडले. अप्पा मात्र जेवायला बसला आणि तिघांपुढे चार-चार उंडे वाढून म्हणाला, "खावा. शंभराचं हाय."

संक्रांत झाली आणि विश्वंभरदादाचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "महानंदा, सळई घिऊन ये."

मी गेले तेव्हा त्याच्या बारा एकरांत पिवळे पट्टे पडले होते. घाटे भरायच्या ऐन वेळी झाडं माना टाकत होती. एक उपटून खोड चिरलं. काळी रेघ. सळई खुपसली आणि अकरा मिनिटांनी आकडा आला. एकच कूळ, शेकडा अठ्ठ्याण्णव. आमच्या दोनशे शेतांत कधीच न दिसलेलं. ते बियाण्याबरोबर आलं होतं. सळई मातीत जाते, पाकिटात कुणी खुपसत नाही. औषधाने धुतलेलं रान म्हणजे रिकामं घर, जो पहिला आला तो मालक झाला. आणि पाटी अजून हिरवीच होती, कारण अंक एक होता.

"अप्पाचं रान तर हिरवंगार हाय," तो म्हणाला. "तितली माती आनून टाकली तर?"

"या वर्षी उपयोग नाही. मेलेलं उठत नाही. पुढच्या पेरणीआधी टाकली तर कदाचित. कदाचित म्हणतेय मी, दादा."

पण लाल शेतातली माती हलवणं गुन्हा. परवानगीसाठी मी पुन्हा वझलवारांसमोर बसले. ते म्हणाले, "लाल माती हिरव्या शेतात? मॅडम, मग तुमचा निबंध चुकला असं तुम्ही लेखी दिलं पाहिजे."

त्या निबंधाने मला सगळं दिलं होतं. पद, मान, परदेशातली बोलावणी. दोन दिवस मी नुसती घरात फिरत राहिले. मग तो मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं, चूक कुठे झाली ते कलमवार मांडलं आणि प्रत वझलवारांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती नीट वाचली. "धाडस केलंत," ते म्हणाले. "पण आता असं आहे, नियम निबंधावर उभा नाही, अधिसूचनेवर उभा आहे. अधिसूचना कायम आहे."

"मग माझ्याकडून हे लिहून कशाला घेतलंत?"

"फाइल पूर्ण हवी."

हसावं की त्यांच्या अंगावर चहा ओतावा, हे मला ठरवता येईना. शेवटी दोन्ही न करता मी गावाची गाडी पकडली.

अप्पा चिंचेखाली भाकरी खात होता, वहिनी वाढत होती. मी त्याला फाइलची हकीकत सांगत होते, तेवढ्यात विश्वंभरदादा आला आणि लाल पाटीशी थांबला. मेलेल्या झाडांना उगीच पाणी देऊन आला असणार, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

माझं लक्ष त्या पायांकडे गेलं. त्या चिखलात ते अठ्ठ्याण्णव टक्केवालं कूळ होतं. अप्पाच्या रानात ते अजून नव्हतं. माझं नवं म्हणणं खरं असेल तर अप्पाची अकरा कुळं बाराव्याला कोपऱ्यात बसवतील. खोटं असेल तर, किंवा त्या दोन मारक्यांतलं एखादं याच्या गुणसूत्राला भुललं तर, पुढच्या वर्षी इथेही पिवळे पट्टे. माझं शास्त्र पणाला लागलं असतं तर चाललं असतं. इथे भावाचं रान होतं.

"दादा, थांब," मी ओरडले. "पाय धुऊन ये आधी."

तो जागच्या जागी थिजला. अप्पाने भाकरी खाली ठेवली.

"रानात कोन पाय धुऊन येतंय गं?" तो म्हणाला.

"अप्पा, त्याच्या पायाला रोग आहे. खरा रोग. या वेळी मी चुकत नाहीये."

"आसंल. येनारा कायतरी घिऊनच येतो. आजवर जे आले त्येंनी बी आनलंच की. तूच म्हनलीस, त्येच्यामुळं रान वाचलं म्हनून." मग त्याने दादाकडे बघितलं. त्या बघण्यात येळवसचा सगळा दिवस होता. "शंभराचं केलतं मी. तू आला न्हाईस."

"चुकलो," विश्वंभरदादा म्हणाला.

"माती पायजे तुला?"

"व्हय."

"आदी जेव."

मी वाटेत उभी होते. बावीस वर्षांची विद्या सांगत होती की हलू नकोस. पण बाजूला झाले. शास्त्रज्ञ म्हणून ती चूक होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. दादा आत आला. वहिनीने अर्धी भाकरी आणि ठेचा त्याच्या हातावर ठेवला. तो चिंचेखाली बसून रडत रडत जेवला आणि अप्पा शेजारी बसून त्याला पाणी देत राहिला.

महिन्याने अप्पाच्या रानात सळई खुपसली. बारा कुळं. नवं आलेलं शेकडा दोन. अंक वाढल्याचं केंद्रात आपोआप कळलं, आणि आठवड्यात जुन्या पाटीच्या जागी दुप्पट मोठी, दुप्पट लाल पाटी आली. या एका कामात आमचं खातं फार तत्पर आहे. अप्पाचं पीक मात्र निघालं, दरवर्षीसारखं. विश्वंभरदादाचं चार आणे निघालं. चिंचेखालची माती किती टोपल्या गेली, कधी गेली, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. जूनमध्ये समिती बसली आणि तिने विषय पुढच्या जूनवर ढकलला. नव्या हंगामात दादाच्या ज्या कडेला ती माती पडली तिथे मर जरा कमी दिसतोय. एवढ्यावर मी काही बोलणार नाही. एकदा घाईने बोलून झालंय.

परवा पुन्हा फोन आला.

"महानंदा, अवंदा येळवसला किती मानसाचं करावं?"

"पाटी आहे ना अजून?"

"पडलीया. वाऱ्यानं."

"मार्गशीर्षात कुठलं आलंय वारं?"

"इश्वंभरच्या ट्राक्टरचं," अप्पा म्हणाला. "तुजी वैनी म्हनाली, पत्रा चांगला हाय, उंडे मांडायला हुईल. बरं, त्येच्या घरची नऊ मानसं धरलीत. आनिक किती?"

मी लाल पत्र्यावर मांडलेले उंडे डोळ्यांसमोर आणले. त्या पत्र्यावरचं लिखाण माझं होतं.

"शंभराचं कर," मी म्हणाले.